चळतीत वर कोण?

"तुझी चळत म्हणजे एसटी झाली रे. आधी आलेले फलाटावर उभे आणि मागनं आलेला खिडकीतनं रुमाल टाकून बसतोय!"

मास्तर खरंच चिडले होते. रंकाळ्याच्या कठड्यावर आम्ही रोज संध्याकाळी चौघं बसतो, आणि काल मी सहज बोलून गेलो होतो की उशाजवळच्या पुस्तकांचा क्रम परत बदलला. मास्तरांनी दिलेलं नंदा खरे यांचं 'उद्या' दोन वर्षं त्या चळतीत आहे. ते वाचायची वेळ अजून आली नाही, असं म्हणत मी ते तळाला सारलं, हे त्यांना लागलं.

"पुरस्कार मिळाला की पुस्तक वर," पिंटू म्हणाला. "२०२३ ची साहित्य अकादमी कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला जाहीर झाली, दादा लगेच दुकानात. आता बानू मुश्ताक यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यावर त्यांच्या कथाही आणल्यात."

आणल्यात. कन्नड आपल्या शेजारची भाषा, तिथल्या बायकांच्या गोष्टी इतकी वर्षं आपल्यापर्यंत आल्या नाहीत याचं मला वाईट वाटतं. पण 'रिंगाण' वर राहिलं ते पुरस्कारामुळे नाही. विकत घेतलं त्यामुळे, हे कबूल. दुसऱ्यांदा वाचलं ते देवाप्पामुळे. धरणासाठी गाव उठतं, म्हैस मागं राहते, रानात राहून रानटी होते. तिला आणायला हा माणूस परत जातो. बस्स, एवढंच. पण माणूस आणि जनावर एकमेकांना ओळखतात की नाही, या एका प्रश्नावर खोत पानंच्या पानं धरून ठेवतात, आणि तेही पन्हाळ्याकडच्या आपल्या बोलीत. गेल्या काही वर्षांतली मला सगळ्यात आवडलेली कादंबरी हीच. ती संपली आणि त्यांचीच 'झड-झिंबड' खालून वर आली, कारण मला त्या भाषेतून एवढ्यात बाहेर पडायचं नव्हतं. एक पुस्तक दुसऱ्याला हाक मारतं, मास्तर. तिथं नंबर कसा लावायचा?

"हाक मोठ्या आवाजातलीच ऐकू येते," मास्तर म्हणाले. "'उद्या' आलं २०१४ ला. त्याला २०२० ची अकादमी मिळाली, ती खऱ्यांनी घेतली नाही. पुरस्कार घेणं आपण आधीच थांबवलंय, म्हणाले. माणसावर सतत नजर ठेवणाऱ्या जगाबद्दल त्यांनी तेव्हा लिहून ठेवलंय, आणि तू म्हणतोस अजून वेळ आली नाही. आता ते गेले. पुस्तक तरी किती थांबणार?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. गाव उठवणारा विकास आणि माणसाचा हिशोब ठेवणारा विकास ही दोन पुस्तकं शेजारी ठेवूनच वाचायला हवीत, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तसं म्हणालोही.

ताई इतका वेळ गप्प होती. तिचं माहेर मूळ चांदोलीकडचं, वारणेच्या धरणात गेलेलं.

"पुनर्वसनाच्या वसाहतीत आल्यावर आमची गाय दोनदा पळाली," ती म्हणाली. "दोन्ही वेळा धरणाच्या वाटेवर सापडली. आई अजून सांगते. आपल्याला तरी कागद मिळाला होता, तिला कुणी सांगितलं होतं, म्हणते."

पिंटूनं हातातला भेळेचा कागद चुरगाळून मुठीतच ठेवला. मास्तर पाण्याकडं बघत राहिले.

'रिंगाण' माझ्या पिशवीत होतं. ताईनं हात पुढं केला. "दे. आईला वाचून दाखवते. तिला आता दिसत नाही नीट." पहिलं पान उघडून तिनं दोन-चार ओळी ओठातल्या ओठात वाचल्या.

"ती म्हैस येते का रे शेवटी?"

मी सांगितलं नाही.