दिरंगाई, साहेबांच्या वतीने

रजेवर जाता जाता साहेब म्हणाले, "त्या उशिराबद्दलचं पत्र तेवढं माझ्या वतीने पाठवून द्या. इंग्रजीत."

मराठीत असतं तर 'करिता' लिहून सहीचा कोंबडा काढला असता आणि चहाला गेलो असतो. इंग्रजीत 'ऑन बिहाफ ऑफ' आडवा येतो. हा शब्दप्रयोग कित्येक वर्षं मी 'ऑन हाफ ऑफ' असाच ऐकत आलो. वाटायचं, निम्मी जबाबदारी आपली, निम्मी त्यांची. गंमत म्हणजे मी अगदीच वाहवलो नव्हतो. बिहाफमधला हाफ हा तोच हाफ, फक्त जुन्या इंग्रजीत त्याचा 'बाजू' असाही अर्थ होता. आपलं 'तर्फे' ज्या अरबी 'तरफ'वरून आलं, तीही बाजूच. पण तर्फेनं मला कधी घाम फोडला नाही.

त्यात 'इन बिहाफ ऑफ' नावाचा चुलतभाऊ निघाला. काही अमेरिकी जाणकारांच्या मते 'ऑन' म्हणजे प्रतिनिधी म्हणून आणि 'इन' म्हणजे भल्यासाठी. साहेबांची कामं मी नक्की कशासाठी करतो, हे मला पंधरा वर्षांत कळलेलं नाही. ते एका अक्षरावरून काय ठरवणार!

सहीपाशी 'पी. पी.' उभं होतंच, दुसऱ्यासाठी सही करताना लिहायचं ते लघुरूप. मूळ लॅटिन, अर्थ साधारण 'अमक्याच्या हस्ते'. मूळ अर्थ धरला तर ते सही करणाऱ्याच्या नावाआधी हवं. मी सवयीनं साहेबांच्या नावाआधी ठोकलं. म्हणजे काटेकोर वाचलं तर साहेबांनी माझ्या वतीने सही केली होती. असा मान मला नोकरीत दुसऱ्यांदा मिळणं कठीण.

खरा घात मजकुरात झाला. मी लिहिलं होतं, 'द डिले ऑन बिहाफ ऑफ अवर मॅनेजर इज रिग्रेटेड.' पत्र गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्मा वर करून वाचलं. "अहो, 'ऑन द पार्ट ऑफ' हवं होतं. तसं लिहिलं तर उशीर साहेबांनी केला. तुम्ही लिहिलंयत त्याचा अर्थ, उशीर दुसऱ्याच कुणीतरी केला, साहेबांच्या वतीने."

"कुणी?"

त्यांनी सहीकडे बोट दाखवलं.

साहेब परतल्यावर मी आपणहून कबुली दिली आणि दुरुस्तीचं पत्र पुढे केलं. त्यांनी जुनं पत्र मागवलं, दोनदा वाचलं, आणि दुरुस्तीचं घडी घालून खणात टाकलं.

"इंग्रजी सुधारलंय हो तुमचं," म्हणाले. "आहे तेच राहू द्या."