सारडा कायद्याच्या वादात मुस्लिम स्त्रियाही बोलत होत्या
मुस्लिम विवाहविषयक कायद्यांवरील तुमच्या लेखात १९२९ च्या सारडा कायद्याचा, म्हणजे बालविवाह प्रतिबंधक कायद्याचा, वाद सरकार, सुधारक आणि उलेमा (मुस्लिम धर्मपंडित) यांच्यापुरता मांडला आहे आणि मुस्लिम स्त्रिया त्यात केवळ चर्चेचा विषय म्हणून येतात, हे मला मान्य नाही. मुलींसाठी १४ आणि मुलग्यांसाठी १८ वर्षे ही विवाहाची किमान वयोमर्यादा घालणाऱ्या या कायद्यातून मुसलमानांना वगळावे, अशी मागणी काही पुरुष नेत्यांनी केली, तेव्हा अखिल भारतीय महिला परिषदेतील मुस्लिम सदस्यांनी तिला जाहीर विरोध केला. त्यांच्यातील शरीफा हमीद अली यांनी आदर्श निकाहनाम्याचा (विवाहाच्या करारपत्राचा) मसुदाही तयार केला. निकाह हा करार आहे या धर्मातीलच तत्त्वाच्या आधारे स्त्रीच्या अटी लग्नाआधीच कागदावर याव्यात, ही त्यामागची दृष्टी मला आजही मोलाची वाटते.

१९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याची पार्श्वभूमी तर याहून बोलकी आहे. हनफी या इस्लामी धर्मशास्त्रातील परंपरेच्या मतानुसार स्त्रीला न्यायालयातून विवाह मोडून घेण्याची वाट जवळजवळ बंद होती, म्हणून पंजाबात अनेक स्त्रिया सुटकेसाठी धर्म सोडत होत्या आणि न्यायालये त्यामुळे विवाह संपुष्टात आल्याचे मानत होती. ही राजकीय कृती नव्हे तर काय? नव्या कायद्याने पती ४ वर्षे बेपत्ता असणे, त्याने २ वर्षे निर्वाहाची तजवीज न करणे अशी कारणे मान्य केली. मात्र केवळ धर्मत्यागाने विवाह मोडणार नाही, असे सांगून कलम ४ ने ती जुनी वाट बुजवली. या कायद्यासाठी उलेमांनी घेतलेल्या पुढाकाराविषयी सविस्तर लिहिणाऱ्या लेखात, त्यांना तो घेणे भाग पाडणाऱ्या या स्त्रियांसाठी एकही वाक्य नसावे, याचे फार वाईट वाटले.