एक टप्पा, एक हात आणि पीट ग्रे

गल्ली क्रिकेटमधला तो नियम आठवतोय ना, एक टप्पा एक हात आऊट? दुसरा हात चुकून जरी लागला तरी बॅट्समन हलायचा नाही आणि पुढची दहा मिनिटं नुसती भांडाभांडी. पीट ग्रे ह्या एका हाताच्या अमेरिकन बेसबॉल प्लेअरबद्दल वाचताना मला पहिल्यांदा तेच आठवलं. ह्या माणसाला अख्खं करिअर एकाच हाताने खेळायचं होतं, आणि टप्प्याची सवलत पण नाही.

बेसबॉल मला भाच्यामुळे थोडंफार कळायला लागलं, त्यामुळे जाणकारांनी सांभाळून घ्या. तर हा पीट, पेनसिल्व्हेनियातल्या नॅन्टिकोक नावाच्या कोळशाच्या खाणींच्या गावातला, जन्म १९१५, बाप खाणकामगार. सहा वर्षांचा असताना गाडीवरून पडला, उजवा हात चाकात सापडला आणि कोपराच्या वर कापावा लागला. पोरगा मूळचा उजखोरा! मग डाव्या हाताने काठी घेऊन दगड टोलवत बसायचा.

बॅटिंगचं एकवेळ समजू शकतो, पण फिल्डिंग? आउटफिल्डला उभा राहायचा, ग्लोव्हमधलं पॅडिंग बरंचसं काढून टाकलेलं, बॉल पकडला की ग्लोव्ह उजव्या काखेत सरकवायचा, बॉल छातीवरून घरंगळत मोकळ्या हातात यायचा आणि थ्रो. हे सगळं इतक्या झटक्यात की बघणाऱ्याला कळायचं पण नाही. घरी उशी काखेत धरून ट्राय केलं, बॉल थेट सोफ्याखाली.

१९४४ ला खालच्या लीगमधल्या मेम्फिस टीमकडून खेळताना ३३३ च्या ॲव्हरेजने मारलं (म्हणजे हजारात ३३३ हिट, तिकडे ३०० म्हणजे भारीच), साठाच्या वर बेस चोरले (म्हणजे बॉल टोलवलेला नसतानाच पळून पुढचा थांबा, म्हणजे बेस, गाठला) आणि त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग १९४५ ला सेंट लुईस ब्राउन्सने त्याला मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, घेतलं. तेव्हा महायुद्ध चालू, डिमॅजिओ, टेड विल्यम्स असले मोठे प्लेअर सैन्यात, टीमना माणसं हवी होती आणि एका हाताचा प्लेअर म्हटल्यावर तिकिटं पण खपणार होती. पुढे जे झालं त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

७७ मॅच, ५१ हिट, ॲव्हरेज २१८, होमरन (आपल्या सिक्सरसारखा) एक पण नाही. पण २३४ वेळा बॅटिंग करून स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन आऊट) फक्त ११ वेळा, हे वाचून मी परत एकदा आकडा चेक केला. घोळ झाला तो वळणाऱ्या स्लो बॉलवर. एका हाताने जड बॅट फिरवायला सुरुवात केली की मधेच थांबवता येत नाही, आणि पिचरांनी, म्हणजे तिकडच्या बोलरांनी, हे बरोबर हेरलं. बॉल ग्लोव्हमधून हातात येईपर्यंत रनर एक बेस जास्त घ्यायचे, म्हणून टीममधलेच काही जण वैतागले. आदल्या वर्षी लीग जिंकलेले ब्राउन्स तिसरे आले, तर त्याचं खापर पण ह्याच्यावर. अरे बाकीच्यांचं काय?

युद्ध संपलं, मोठे प्लेअर परत आले आणि हा परत खालच्या लीगमध्ये, टोलेडो, एल्मायरा, डॅलस, १९४९ पर्यंत. नंतर गावीच राहिला, २००२ ला तिथेच गेला.

माझा राग ह्याच्यावर आहे की असल्या माणसाला आपण लगेच "जिद्द असावी तर अशी" म्हणून फॉरवर्ड करून मोकळे होतो. त्याला बॉलप्लेअर म्हणून बघा ना! २१८ म्हणजे बॅटिंग कमीच पडली, हे सरळ म्हणू दे मला, त्यात त्याचा अपमान कसला? उलट कौतुक करताना आकडेच बघायचे नाहीत म्हणजे त्याचा तमाशा बघायला आलेल्या पब्लिकमध्ये आपण पण जाऊन बसलो. मेम्फिसचं ते वर्ष तर युद्धाची सूट दिली तरी झकासच होतं.

त्याचा ग्लोव्ह आता अमेरिकेत कूपर्सटाउनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या म्युझियममध्ये आहे. भाच्याला सांगून ठेवलंय, कधी गेलास तर फोटो जवळून काढ, मला ते पॅडिंग कुठून काढलंय ते बघायचंय.