‘म्युटेशन वाढवा’ म्हणणाऱ्या वाचकांस

भाऊसाहेब,

संगणकात पिढ्यान्‌पिढ्या उत्क्रांत होणाऱ्या स्पर्धक समूहांत वागण्याचे वैविध्य टिकवावे, या माझ्या लेखावर आपण चार गोष्टी लिहिल्या आहेत : म्युटेशनचा (जनुकांतील आपसूक फेरबदलांचा) दर वाढवला की वैविध्य आपोआप येते, वर्तनातील अंतर मोजणे हा वेळेचा अपव्यय आहे, हिलिस यांच्या शोधनिबंधाचे वर्ष चुकले आहे, आणि ‘केळीच्या बागेत बसून अल्गोरिदम लिहिणाऱ्यांनी आधी पाठ्यपुस्तक उघडावे’. वर्ष १९९१ नसून १९९० आहे, हे मान्य. दुरुस्ती केली आहे.

बाग मात्र मी सोडणार नाही. रावेर तालुक्यातील आमच्या मळ्यात उतिसंवर्धित ग्रँड नैन जातीची केळी आहे. सगळी रोपे एकाच जनुकांची, त्यामुळे जो रोग एकाला साधतो तो सगळ्यांना साधतो, हे मी हरण्या या विषाणूजन्य रोगाने पट्टे पडलेली रोपे उपटताना शिकलो आहे. पाठ्यपुस्तक त्यानंतर उघडले, आणि चौदा वर्षे विद्यार्थ्यांना शिकवतोही आहे. ‘मग जनुकेच बदला’ असे आपण म्हणाल. केळीत त्याने कदाचित निभावेल, संगणकात निभावत नाही. तिथे वागणे ठरवते ते न्यूरल नेटवर्क, म्हणजे न्यूरॉन नावाच्या छोट्या आकडेमोड-घटकांचे जाळे, आणि जनुके म्हणजे त्यांच्या जोडण्यांचे आकडे. त्याच्या मधल्या थरातील दोन न्यूरॉनची त्यांच्या जोडण्यांसह अदलाबदल केली, तर जनुकांची यादी बदलते, वागणे तसूभरही बदलत नाही.

पळणारे आणि पाठलाग करणारे असे दोन समूह मी स्वतः चालवले आहेत, आणि म्युटेशनचा दर आपण सुचवण्यापूर्वीच वाढवून पाहिला आहे. पडद्यावर चाळीस ठिपके, प्रत्येकाचे आकडे निराळे, आणि पाठलाग जवळ आला की सगळे डावीकडेच वळत. पाठलाग करणाऱ्यांनी ते वळण पाठ केले, तेव्हा पळणारे एकजात उजवीकडे वळू लागले. काही पिढ्यांनी पुन्हा डावीकडे. घाण्याचा बैल यापेक्षा निदान तेल तरी काढतो. रोझिन व बेल्यू या संशोधकांनी १९९७च्या निबंधात एखाद्या प्रतिस्पर्ध्याला हरवण्याचे गुण त्याला हरवणाऱ्या सर्वांत वाटून दिले, म्हणजे जो फार थोड्यांना हरतो त्याला हरवणारा टिकतो, आणि जुन्या विजेत्यांचा संग्रहही राखला, तो याच दुखण्यावर.

ज्याचे वर्ष आपल्याला इतके पाठ आहे, त्या हिलिस यांच्या निबंधात १६ आकड्यांचे सॉर्टिंग नेटवर्क (ठरलेल्या तुलनांनी आकडे क्रमाने लावणारी रचना; तुलना जितक्या कमी तितके चांगले) ६५ तुलनांवर अडकले होते. अवघड चाचण्यांचा प्रतिस्पर्धी समूह समोर सोडल्यावर ते ६१ वर आले.

वेळेच्या अपव्ययाविषयी लिहीत बसत नाही. ठरावीक दहा प्रतिस्पर्ध्यांसमोरच वर्तन मोजले की तो आटोक्यात राहतो. आपला कोड पाठवावा. त्यातले पळणारे एकाच पिढीत दोन्ही बाजूंना वळताना दिसले, तर पुढची दुरुस्ती आपल्या नावाने करीन.