गवताचं विचारायचं तर भारा वाहणारीला विचारा

गेल्या आठवड्यात गावात चारा लागवडीची बैठक झाली. देवळापुढं पुरुष मंडळी खुर्च्यांवर, आम्ही बायका मागं पायरीवर. बैठक घ्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "नेपियर कोण कोण लावणार?" नेपियर म्हणजे उसासारखं उंच वाढणारं, परत परत कापता येणारं चाऱ्याचं गवत. एकही हात वर झाला नाही. जाताना ते म्हणाले, "इथला शेतकरी फार उदासीन आहे." ते ऐकल्यापासून चैन नाही, म्हणून एवढं लिहितेय.

आमचा सातारा जिल्ह्यातला दुष्काळी माण तालुका. अडीच एकर रान, दोन गाई, एक म्हैस, चार शेळ्या. विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत. असल्या ठिकाणी गवताला नको म्हणणारा माणूस अडाणी नसतो, त्याचा हिशेब असतो. मी पहिल्यांदा गवताचं नाव काढलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, मालदांडी ज्वारी पेरली की दाणा घरात, कडबा गंजीला. एका रानात माणूस बी जगतं, जनावर बी. तुझ्या गवताची भाकरी होती का?" मला उत्तर देता आलं नाही. कडबा तर वर्षभर टिकतो. 2018-19 च्या दुष्काळात आमच्या भागातली जनावरं चारा छावणीला लागली, तेव्हा ज्याच्या दारात कडब्याची गंज होती तो शेवटपर्यंत घरी राहिला. हे ज्यानं बघितलंय त्याला हिरव्या गवताचा फोटो दाखवून काय होणार?

पण ज्वारीही आता पूर्वीइतकी कुठं राहिलीय? काढणीला माणूस मिळत नाही, पेरा कमी झाला, कडब्याच्या शंभर पेंढ्यांचा दर दरवर्षी वर चाललाय. मग उन्हाळ्यात आम्ही उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, विकत आणतो. नुसत्या वाढ्यावर गाय ठेवली की त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या घटकामुळं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि व्यायल्यावर गाय उठेनाशी झाली की डॉक्टरची धावाधाव सुरू.

या सगळ्यात एक गोष्ट कुणी विचारतच नाही. वैरण आणतं कोण? डेअरीचं बिल ह्यांच्या नावावर निघतं, भारा माझ्या डोक्यावर असतो. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज दीड तास बांधाबांधानं विळा घेऊन फिरायचं, कधी दुसऱ्याच्या बांधावर हात गेला म्हणून बोलणी खायची. पावसाळ्यात चिखलातनं भारा आणताना मान अशी आखडायची की रात्री कूस बदलता यायची नाही. तो दीड तास कुठल्याच वहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी ह्यांच्याशी भांडून गोठ्यामागचे चार गुंठे मागून घेतले आणि तिथं फुले जयवंत हा नेपियरचाच एक वाण लावला. दोन डोळ्यांची कांडी, तीन फूट बाय दोन फूट, गुंठ्याला साधारण 180 कांड्या. पहिल्याच वर्षी चुकले. उंच वाढू दे, जास्त निघेल म्हणून तीन महिने थांबले. गाईंनी पाला खाल्ला आणि दांड्या तशाच गव्हाणीत. सासूबाईंनी त्या दांड्या उचलून माझ्यापुढं ठेवल्या, बोलल्या काहीच नाहीत. आता पहिली कापणी दोन महिन्यांनी, पुढच्या दीड-दीड महिन्यांनी, बुडख्यापासून वीतभर सोडून.

दूध दुप्पट झालं नाही. थोडं वाढलं, पेंड थोडी कमी लागते. माझा दीड तास मात्र वीस मिनिटांवर आला. त्या वेळात मी आता मुलीचा अभ्यास घेते.

साहेबांनी हेक्टरी दीडशे-दोनशे टनांचा आकडा सांगितला. बारमाही पाणी असेल तर तो खोटा नाही. दीडशे टन धरले तर गुंठ्याला वर्षाचे दीड टन, म्हणजे गाईला रोज 20 किलो या हिशेबानं दोन गाईंना दहा गुंठे पुरतील. पण आमची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. मग उन्हाळ्यात गोठा धुतलेलं आणि मोरीचं पाणी गुंठाभराला पुरतं, बाकीची ठोंबं वाळून बसतात आणि पावसावर परत फुटतात. म्हणून कडबा सोडायचाच नाही. बांधावर मारवेल गवत लावायचं, त्यानं मातीही धरून राहते. कडेनं शेवरी आणि हादग्याची झाडं, त्यांच्या पाल्यासाठी, कारण नुसत्या नेपियरमध्ये प्रथिनं कमी पडतात. लसूणघासाला पाणी फार लागतं, तो आमच्याकडं जमत नाही.

साहेब, एकराची योजना आणाल तर पुढच्या बैठकीतही हात वर होणार नाही. पाच गुंठ्यांची आणा, मोरीच्या पाण्याची आणा, आणि एकदा मागं वळून पायरीवर बसलेल्यांना विचारा. त्या दिवशी तिथं आम्ही नऊ जणी होतो. त्यातल्या चौघींनी नंतर माझ्याकडं कांड्या मागितल्या.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की बेणं काढणार आहे. ज्या बाईला घरातनं दोन गुंठे का होईना मिळालेत, तिनं पोतं घेऊन यावं. पैसे नकोत. विळा मात्र आपला आणा, माझ्याकडं एकच आहे.