एच-फोर व्हिसावर असलेल्या बाईला पर्समध्ये पिस्तूल ठेवायला सांगणारा तो मेसेज

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन. "दादा, छोटं पिस्तूल घ्यायचंय, कुठलं घेऊ?" ती अमेरिकेत टेक्ससमध्ये, डॅलसजवळ फ्रिस्कोत राहते, नवरा सारखा टूरवर, घरात अडीच वर्षांचा मुलगा, आणि बायकांच्या ग्रुपवर तिला मेसेज आलेला की टेक्ससमध्ये आता लायसन लागत नाही, कुणीही पिस्तूल बाळगू शकतं, बायकांनी सगळ्यात छोटं घ्यावं, पर्समध्ये ठेवावं, मॅगझिन (गोळ्या भरायचा कप्पा) काढून ठेवलं की पोरांना धोका नाही, आणि ट्रेनिंगवर पैसे घालवू नका, यूट्यूब पुरे. अस्सल मराठीत, वर "सर्व भगिनींना पाठवा".

लायसनचं अर्धं खरं आहे, मान्य. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांपुढच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं, पण ज्याला मुळात कायद्यानं ते ठेवता येतं त्यालाच. हे वाक्य मेसेजमध्ये नाहीच! माझी बहीण एच-फोरवर आहे, म्हणजे एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर. फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं कलम ९२२ (जी)(५) वाचा, एच-वन, एच-फोर, स्टुडंट अशा नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा नुसत्या गोळ्या जरी जवळ ठेवल्या तरी गुन्हा, शिक्षा १५ वर्षांपर्यंत, शिवाय देशाबाहेर काढतील ते वेगळंच. राज्याचा कायदा कितीही सैल झाला तरी हे बदलत नाही. बंदूक घेताना दुकानात भरायच्या ४४७३ फॉर्मवर व्हिसाचा सरळ प्रश्न असतो, तिथे खोटं लिहिलं तर आणखी एक गुन्हा.

मग कुणीतरी म्हणतं, हंटिंग लायसन काढा की. हो, तो अपवाद कायद्यात आहे, नाही म्हणत नाही. पण टेक्ससचं वार्षिक हंटिंग लायसन ३१ ऑगस्टला संपतं, ते नवं करायचं राहिलं की कपाटातलं तेच पिस्तूल दुसऱ्या दिवशी गुन्हा. आधी वकिलाला विचारा, ग्रुपवर नको.

आता पर्स. हे वाचून माझं डोकंच फिरलं. ३० डिसेंबर २०१४, आयडाहोतल्या हेडन गावचं वॉलमार्ट. दोन वर्षांच्या मुलानं आईच्या पर्समध्ये हात घातला, पिस्तूल हाताला लागलं, गोळी सुटली आणि आई गेली. ती पर्स खास पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती, आईकडे परवानाही होता. माझा भाचा दिवसातून दहा वेळा आईच्या पर्समध्ये बिस्किटं शोधतो.

"मॅगझिन काढलं की रिकामं", हे तर धडधडीत चूक. रविवारी ती माझ्या घरी आली तेव्हा मी पिस्तूल तिच्या हातात दिलं नाही, ते का ते वर सांगितलंच, डमी गोळी भरून स्वतःच दाखवलं. मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं, विचारलं, आता रिकामं? ती म्हणाली हो. मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढली, तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला आधीच चढलेली केशरी डमी टप्पकन बाहेर पडली आणि घरंगळत भाच्याच्या वरणभाताच्या ताटलीला जाऊन लागली. ती काही बोललीच नाही. बऱ्याच पिस्तुलांत मॅगझिन नसतानाही ती एक गोळी सुटते. आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग चेंबरमध्ये डोळ्यानं बघायचं आणि बोट घालून चाचपायचं, हाच क्रम, उलटं केलं तर नवी गोळी चढते.

छोटं म्हणजे सोपं, हेही नाही. दहा औंसाच्या आतलं रुगर एलसीपी नावाचं पिस्तूल खिशात मावतं, पण हलकं म्हणून धक्का जास्त, मूठ आखूड म्हणून करंगळी खाली लोंबते, नेम धरायच्या खुणा इतक्या जवळ की हात जरा हलला की गोळी भलतीकडे. ज्यांना कायद्यानं घेता येतं त्यांनी मधल्या आकाराचं बघावं, स्लाइड ओढायला जड जात असेल तर शील्ड ईझेड या पिस्तुलासारखं, आणि ट्रिगर पूर्ण झाकणारा टणक होल्स्टर (पिस्तुलाची खोळ), कमरेला.

यूट्यूबबद्दल काय बोलणार. टेक्ससच्या ऐच्छिक परवान्यासाठी ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या झाडायच्या असतात, २५० पैकी १७५ गुण लागतात, आणि ते सुद्धा हलत नसलेल्या कागदावर, म्हणजे ही फक्त सुरुवात. आणि तो परवाना नसेल तर शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल घेऊन फिरणं फेडरल कायद्यात अडकवू शकतं. फ्रिस्कोत हजार फुटांत शाळा नाही असा रस्ता शोधावा लागतो.

बहिणीच्या दाराला डेडबोल्ट, अलार्म आणि कॅमेरा मी याच आठवड्यात बसवून देतोय. तो मेसेज ज्या ताईंनी टाकला त्यांनी तो आजच काढावा, त्या ग्रुपवर निम्म्याहून जास्त जणी एच-फोरवर आहेत.