केळं खाऊन टेन्शन जातं का?

तलावपाळीच्या कट्ट्यावर मंद्याने केळं सोललं आणि जाहीर केलं, "टेन्शनवर हाच उतारा. यात सेरोटोनिन असतं, मूड सांभाळणारं रसायन."

"असतं, पण मेंदूत पोचत नाही," श्रद्धा म्हणाली. ती नौपाड्यात मेडिकलच्या दुकानात बसते, त्यामुळे तिच्यासमोर असलं बोलायची सोय नाही. "शरीरातलं 90 टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते तिथलं तिथेच. मेंदू आपलं आपण बनवतो, ट्रिप्टोफॅन नावाच्या, जेवणातून मिळणाऱ्या अमिनो आम्लापासून."

"पण टेन्शन आलं की ते कमी होतं, एवढं तरी खरं ना?" संज्याने विचारलं.

"उलटंही होतं."

इथे खरी जुंपली. तिने उंदरांचा प्रयोग सांगितला. दोन उंदीर, दोघांच्या शेपटीला सारखाच शॉक. पहिल्याने समोरचं चाक फिरवलं की दोघांचाही शॉक बंद. दुसऱ्याने कितीही फिरवलं तरी ढिम्म. शॉक दोघांना तेवढाच, पण हातपाय गाळतो तो दुसरा. आणि त्याच्याच मेंदूच्या देठात, राफे केंद्रकात, सेरोटोनिनच्या पेशी जास्त खवळतात. पहिल्याच्या मेंदूचा पुढचा भाग 'हे माझ्या हातात आहे' हे हेरून त्यांना आवरतो. स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या गटाने 2005 साली हे दाखवलं.

"म्हणजे मी दुसरा उंदीर," संज्या उसळला. "काम डोंगराएवढं असू दे, करतो. पण साहेब रविवारी रात्री अकराला मेसेज टाकतो, उद्याची शिफ्ट बदलली. तिथे डोकं फिरतं!"

"उंदराचं माणसाला चिकटवू नका," मंद्या म्हणाला. "2003 मध्ये न्यूझीलंडमधल्या तरुणांचा अभ्यास केवढा गाजला होता. सेरोटोनिनच्या एका जनुकाचा आखूड प्रकार असला की ताणामुळे नैराश्य येण्याचा धोका जास्त, म्हणे. पुढे मोठ्या अभ्यासांत ते टिकलं नाही."

केळंवाल्याकडून ही अपेक्षा नव्हती, पण मुद्दा बिनतोड होता. श्रद्धानेही मान डोलावली.

"मग सेरोटोनिन वाढवायच्या गोळ्या कशाला विकतेस?" संज्याने तिलाच धरलं.

"बऱ्याच जणांना गुण येतो म्हणून. पण गोळीचा सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो आणि मन ताळ्यावर यायला दोन-चार आठवडे लागतात. नुसत्या कमी-जास्तीचा हिशेब असता तर त्याच संध्याकाळी बरं वाटलं असतं. तेवढ्या दिवसांत मेंदू स्वतःला जुळवून घेत असतो, नक्की कसा यावर अजून वाद आहेत. आणि लोक आठवड्याने येतात, अर्धी कापलेली स्ट्रिप काउंटरवर टाकतात, 'उपयोग नाही, परत घ्या.'"

"घेतेस?"

"छे! आधी डॉक्टरला फोन लावायला सांगते. मनानेच बंद केली की चक्कर, चिडचिड सुरू, आणि शिव्या मला."